सीडीत न मावलेली गोष्ट

पुण्याला आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याला जुन्या व्हिडिओ गेम तोंडपाठ आहेत. कुठली गेम सीडीवर आली, कुठली डीव्हीडीवर, कुठल्या डिस्कमध्ये किती जीबी मावायचे, हे तो जेवणाच्या सुट्टीत सांगत असतो आणि बाकीचे डबा खात ऐकतात. मागच्या वर्षी एकदा त्याने सात किल्ल्यांच्या गेमचा विषय काढला. मी पोळीचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "ती माझी गेम."

मग मला राहवेना. त्याच्यावर कडी करायची म्हणून मी सगळ्यांना तिची गोष्ट सांगितली. कंदील आणि आखूड तलवार घेतलेला एक माणूस असतो. त्याची बायको माहेरी असते, तिला न्यायला तो निघतो. वाटेत सहा किल्ले आडवे येतात, बायको सातव्यात असते. पहिल्या किल्ल्याशी त्याची आई आजारी पडते, दुसऱ्याशी नाव बुडते. मी चांगली रंगवून सांगत होते, दोघीतिघी ऐकतही होत्या. तो मात्र चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण त्यात बायको कुठंय?"

मी भांडले. आमच्याकडची माणसं एकवेळ हरतील, पण गप्प बसायची नाहीत. चहाची पैज लागली. दुसऱ्या दिवशी त्याने ती गेम पेनड्राइव्हवर आणून दिली, अगदी पूर्ण, मधल्या सगळ्या चित्रफितींसकट. लॅपटॉपवर ती कशी चालवायची तेही दाखवलं. रविवारी खोलीवर बसून मी तिच्या सगळ्या चित्रफिती पाहिल्या. त्या माणसाने राजाच्या मुकुटातला एक खडा चोरलेला असतो आणि तो परत करायला तो निघालेला असतो. बायको नाही, माहेर नाही, आजारी आई नाही. तिसऱ्या किल्ल्यात फळं विकणारी एक म्हातारी तेवढी दिसते. सातव्या किल्ल्यात तो खडा जागेवर बसवतो, दरवाजा उघडतो आणि उजेड पडतो. संपलं.

पैज हरल्याचं मला काही वाटलं नाही. चहा पाजला. पण त्या रविवारी मी बराच वेळ भिंतीकडे बघत बसले होते. एखाद्याने आपलं लहानपणीचं घर दाखवायला न्यावं आणि तिथे दुसराच कोणी राहत असावा, तसं मला झालं होतं. कारण ती गोष्ट मला ज्या बाईने सांगितली होती, तिने ती पूर्ण पाहिल्याचं मला शपथेवर सांगितलं होतं. ती माझी आत्या, वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण.

आमचं घर बुलढाण्याजवळ, धाड गावात. वडील वांगी, टोमॅटो, मिरची लावायचे, अजूनही लावतात. मामा औरंगाबादला कंपनीत होता. खोलीवरच्या मित्राकडून त्याने टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल घेतला, दोन वर्षं मनसोक्त खेळला आणि तो बिघडल्यावर, मी अकरा वर्षांची असताना, मोठ्या मनाने भाचीला देऊन टाकला. बिघाड असा की डीव्हीडी घातली की नुसती घरघर करायचा आणि शेवटी डिस्क नाही म्हणून सांगायचा. सीडी मात्र वाचायचा. वडिलांनी तो गोणपाटात गुंडाळून बुलढाण्याला नेला. मीही सोबत होते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत सीड्यांचं दुकान होतं, तिथल्या माणसाने झाकण उघडून आत पाहिलं.

"याले दोन डोये राह्यतात," तो वडिलांना म्हणाला. "एक सीडी वाचते, एक डीव्हीडी वाचते. याचा डीव्हीडीचा डोया गेला. सीडीवर गेम टाकून देतो, चालते."

"अन् डीव्हीडीतली गेम सीडीत बसते का?" वडिलांनी विचारलं.

"सारी नाही बसत. डीव्हीडीत साडेचार जीबी मावते, सीडीत सातशे एमबी. एका डीव्हीडीत सहा सीड्या बसतीन. मंग काहाडा लागते काही."

"काय काहाडता?"

"पिच्चर काहाडतो. मधी मधी गोष्टीचे पिच्चर राह्यतात, तेच लय जागा खातात. लढाई पूर्ण राह्यते. खेळाले काय, गोष्ट लागत नाही."

वडिलांना हे लगेच पटलं. क्रेटमध्ये टोमॅटो किती मावतात आणि कोणते काढून टाकावे लागतात, याच्यातच त्यांचं आयुष्य चाललं होतं. त्या माणसाने आम्हाला निळसर बुडाची एक सीडी दिली. तिच्यावर काळ्या मार्करने '७ किल्ले' लिहिलं होतं. मूळ इंग्रजी नाव लिहायचा कंटाळा केला असावा. घरी येताना जीपमध्ये सोळा माणसं बसली होती आणि मी सीडी छातीशी धरून विचार करत होते की जीपमध्ये एवढी माणसं मावतात तर सीडीत थोडे पिक्चर कसे मावत नाहीत.

तर ती गेम अशी होती. एक किल्ला सर झाला की पडदा काळा व्हायचा. तिथे खरं तर चित्रफीत लागायची, पण ती काढून टाकलेली. मशीनला बिचारीला ते माहीत नव्हतं. ती डिस्कवर तो पिक्चर शोधत बसायची, खरखर आवाज करायची, आणि मिनिट दोन मिनिटांनी नाद सोडून पुढचा किल्ला उघडायची. मी तेवढ्यात पाणी पिऊन यायचे. तो माणूस कोण, कुठे चाललाय, कशासाठी मारामाऱ्या करतोय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आत्या आली आणि पडला.

आत्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासर लोणार तालुक्यात, सुलतानपूरला. त्या दिवाळीनंतर तिचा नवरा बापाशी भांडून सुरतेला निघून गेला. पत्ता नाही, फोन नाही. सासरचे म्हणाले, तू चार दिवस भावाकडे जा, तो आला की न्यायला येतो. आत्या एक बॅग घेऊन आली. आमच्याकडे रीत अशी की सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेनं आपण होऊन जायचं नाही. गेली तर तिचं तिकडचं वजनच उतरतं. त्यामुळे चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना झाला, आणि आत्या आमच्या मधल्या खोलीत बसून लाल मिरच्यांचे देठ खुडू लागली. आई वडिलांबरोबर शेतात जायची, आत्याने घर सांभाळायचं. बाजाराच्या दिवशी ओळखीची बाई भेटली की पहिला प्रश्न तोच असायचा, "काऊन वं, आले नाही का घ्यायले अजून?" आत्या म्हणायची, "येतीन." पुढे पुढे ती बाजारात जाईनाशी झाली.

माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आले की लाइट असायची ती चारपर्यंत, मग भारनियमन. तेवढ्या वेळात जेवण, अभ्यास आणि किल्ले. त्यातला अभ्यास मी वगळायचे. मी टीव्हीसमोर, आत्या मागे मिरच्यांच्या ढिगाशी. तिच्या हाताला मिरचीची आग असायची म्हणून तिने गेमच्या रिमोटला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. एकदा लावला आणि मग मी डोळे चोळले, त्या दिवशी दोघीही पाण्याच्या टाकीशी बसून होतो. त्यानंतर खेळायचं मी आणि बघायचं तिने.

पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हा तिनं विचारलं, "हे काऊन बंद पडलं वं?"

"बंद नाही पडलं. इथं पिच्चर होता. दुकानवाल्यानं काहाडून टाकला, सीडीत मावत नव्हता."

"म्हंजे गोष्टच नाही?"

"नाही."

तिने चारपाच मिरच्यांचे देठ खुडले. मशीन खरखर करत होती. मग ती म्हणाली, "मले माहीत हाये इथं काय होते ते. आमच्या सुलतानपूरले याची पूर्ण डीव्हीडी हाये. माह्या दिरानं आनेल हाये. मी सारी पाह्यली."

मला केवढा हेवा वाटला. मी म्हणाले, "खरं?"

"देवाची आन. तं हा निघाला घरून. बायको राह्यते त्याची माहेरी, तिले घ्यायले निघाला. अन् निघते तोच त्याची माय पडली आजारी."

एवढ्यात पुढचा किल्ला उघडला. पण आता तो माणूस नुसता माणूस राहिला नव्हता. त्याची आई आजारी होती, त्याला उशीर होत होता, आणि त्याला पोहोचवणं माझ्या हातात होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा जिवावर उदार होऊन खेळले.

दुसऱ्या किल्ल्यानंतर तिने नाव बुडवली. तिसऱ्यानंतर त्याचे चोरांनी कपडे नेले आणि त्याला परक्या गावात एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून राहावं लागलं. चौथ्यानंतर त्याने बायकोला चिठ्ठी लिहिली, पण डाकवाल्याला कुत्रा चावला. मी पोट धरून हसले. आत्या हसली नाही. "तिनं मंग काय समजावं?" ती म्हणाली. "तिले वाटलं, यानं लिहिलंच नाही."

ती प्रत्येक अंधारात त्याच्या बाजूने एक नवं कारण काढत होती, हे कळायला मला वीस वर्षं लागली. तेव्हा मी फक्त ऐकत होते. त्या मिनिट दोन मिनिटांसाठी मी खेळायचे. किल्ला सर होत आला की हाताला घाम यायचा, तो लढाईमुळे नव्हे. पडदा काळा होताच मी रिमोट खाली ठेवून तिच्याकडे तोंड करून बसायचे. मशीनने पिक्चर शोधायला जितका वेळ लावावा तितका मला हवा असायचा. इतकं मन लावून नंतर मी कुणाचं काही ऐकलेलं नाही, लेक्चरमध्ये नाही, मीटिंगमध्ये तर नाहीच. खोलीत मिरचीचा ठसका, बाहेर कोंबड्या, टीव्हीचा काळा चौकोन आणि त्यात आम्हा दोघींची अंधूक छाया. मला अजून ती दुपार हवी आहे. आता माझ्या पेनड्राइव्हमध्ये तशा शंभर सीड्या मावतील, आणि ती एक दुपार त्यात ठेवता येत नाही.

सहावा किल्ला पडला तो ज्येष्ठात. त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वडिलांच्या मोबाइलवर सुलतानपूरहून फोन आला की मुलाचा पत्ता लागला, तो परत यायला तयार आहे, आम्ही कळवतो. दुसरं म्हणजे मी आईला चुलीपाशी बोलताना ऐकलं. ती वडिलांना म्हणत होती, "पोळ्याच्या आत घ्यायले आले तं बरं होईन. लोक विचारून राह्यले." आईचं मी वाईट मानत नाही. तिला नणदेचं ओझं नव्हतं, तिला लोकांचं होतं.

आत्या त्या दिवसांत वेगळीच झाली होती. केसांना तेल लावायची, गुणगुणायची. सहाव्या किल्ल्याच्या अंधारात तिने सांगितलं, "आता कायले अडते. आता एकच किल्ला राह्यला. पोहोचते आता तो."

मी अकरा वर्षांची होते, पण मला हिशेब कळला. हा पोहोचला की तोही पोहोचणार. किल्ला सर होणार आणि आत्या जाणार. हे खुळ्यासारखं आहे हे मला तेव्हाही थोडं कळत असावं, पण नवस बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तरी कुठे कळतं. एका दुपारी आत्या शेंगा पाखडायला बाहेर गेलेली पाहून मी मशीन लावली. खेळ जिथपर्यंत आला ते एका कार्डावर साठवलेलं असायचं. काडेपेटीएवढं कार्ड, आठ एमबीचं. सात किल्ल्यांच्या नावावर गेले, पुसायचं निवडलं. मशीनने इंग्रजीत विचारलं, नक्की का. मी हो म्हटलं. सहा किल्ले, सात महिने, एका बोटाने गेले.

संध्याकाळी आत्याला सांगितलं, "कार्ड भरलं होतं. जागा नव्हती. पुसा लागलं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तुह्या क्रिकेटची गेम हाये त्याच्यात, मोटारसायकलची हाये. मंग ते काऊन नाही पुसलं?"

"चुकून झालं," मी म्हणाले. त्या कार्डावर माझ्या तिन्ही गेम मिळून पाव जागासुद्धा व्यापलेली नव्हती. कान तापल्याचं अजून आठवतं. आत्याने सुपडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "तं मंग आता? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

दुसऱ्या फेरीत गोष्ट बदलली. मी टोकलं की मागच्या वेळी आई आजारी होती, तर म्हणाली, "होती. पन माय दोन दिवसात बरी झाली. हा लेकाचा झाडाखाली झोपून राह्यला." दुसऱ्या किल्ल्याच्या अंधारात नाव बुडालीच नाही. नाव चांगली मजबूत होती, यालाच पलीकडे जायची भीती वाटत होती. तिसऱ्या अंधारात तो आलाच नाही, सगळा अंधार सातव्या किल्ल्यातल्या बाईचा झाला. तिने म्हणे तिथे शिलाईचं काम शिकून घेतलं होतं, राजाच्या शिपायांचे सदरे शिवायची. आत्या खरंच तेव्हा शेजारच्या बाईकडे मशीनवर बसायला जाऊ लागली होती, पण मला दोन्हीचा संबंध लागला नाही. मी चिडून विचारलं, "अन् तो कुठं हाये?"

"असंन कुठं तरी. येईन तवा येईन. आला तं ती विचारीन त्याले, काऊन आला?"

"डीव्हीडीत असंच हाये?"

"असंच हाये," आत्या म्हणाली.

मला पहिली गोष्ट जास्त आवडत होती. दुसरीत माझा माणूस अगदीच कामचुकार ठरत होता. पण आत्या दुसरी सांगताना हसायची, हातवारे करायची, एकदा तर मिरचीच्या हाताने स्वतःचाच डोळा पुसून बसली.

पोळ्याला आठ दिवस असताना, बाजाराच्या दिवशी, दुपारी जीप दारात थांबली. आत्याचा दीर उतरला. भाऊ सुरतेहून घरी आलाय, आता चला, म्हणाला. चहा झाला, आईने शेवया, कुरडया, मिरची पावडर बांधून दिली. आत्याने लुगडं बदललं. सगळं दोन तासांत आटपलं. आई रडली आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकाही होती, ती मी पाहिली. आत्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ने त्याले सातव्यापर्यंत. शेवट मी आल्यावर सांगतो." मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमचा माणूस तेव्हा कसाबसा पाचव्या किल्ल्यात होता. मी सगळं पुसून त्याला मागे ओढला होता, तरी ते येऊन तिला घेऊन गेले. मला देवाचा, मामाचा आणि त्या मशीनचाही राग आला होता.

दसऱ्याच्या सुट्टीत मी एकटीने सातवा किल्ला सर केला. पडदा काळा झाला. मशीन शेवटचा पिक्चर शोधू लागली. मी सवयीने रिमोट खाली ठेवून मागे वळले. मागे धान्याची पोती होती. मशीन शोधत राहिली, या वेळी नाद सोडून पुढे जायला पुढे किल्ला नव्हता. ती तशीच खरखर करत अडकली. मी चारपर्यंत बसून राहिले, मग लाइट गेली. तेव्हा रडले.

आत्या नंतर आली तशी खूपदा, पण कडेवर बाळ घेऊन, दोन दिवसांसाठी, भावजयीशी बोलायला. मीही मोठी झाले होते आणि गेमची गोष्ट विचारायची लाज वाटायची. कन्सोलचा दुसरा डोळाही गेला. शेवटी तो माळ्यावर गेला. त्या नऊ महिन्यांविषयी घरात कोणी कधी बोललं नाही, कारण ते आत्याचे वाईट दिवस होते. आणि माझ्या आठवणीत त्याच्याइतका चांगला काळ दुसरा नाही. तिच्या वाईट दिवसांची मी आस धरते, हे मला नेहमी टोचत आलंय. वर तिला न्यायला कोणी येऊ नये म्हणून मी जे केलं, तेही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

या उन्हाळ्यात लॅपटॉप घेऊन मी सुलतानपूरला गेले. आत्या आता ब्लाउज शिवते, गावात तिच्या हाताची मापं प्रसिद्ध आहेत. तिचा नवरा मवाळ माणूस आहे, चहा तोच करतो आणि चांगला करतो. त्याने कप ठेवला तेव्हा मी उगाच त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं, सहा किल्ले पार करून आल्यासारखा काही दिसत नव्हता. तो सोयाबीनच्या बियाण्याचं बघायला गेल्यावर मी शिलाई मशीनशेजारी लॅपटॉप ठेवला आणि आत्याला त्या गेमचे सगळे पिक्चर दाखवले, ओळीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती हनुवटीवर बोट ठेवून बघत होती.

"चांगलं हाये," ती म्हणाली. "मी सांगत होती त्याच्याहून चांगलं हाये. खडा चोरला तं वापस दिला त्यानं."

मला वाईट वाटलं. मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "तू तं म्हने पूर्ण डीव्हीडी पाह्यली होती. देवाची आन घेतली होती."

आत्या हसली. "कोनती डीव्हीडी, पोरी? तवा या घरात टीव्हीच नव्हता."

तिचं हसणं थांबल्यावर मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "आत्या, ते कार्ड भरलं नव्हतं. मी मुद्दाम पुसलं होतं."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "मी दारातच होती, सुपडं घेऊन. तुह्या मागंच."

मी विचारलं, "मंग बोलली काऊन नाही?"

आत्याने दाताने दोरा तोडला. सुईत नवा ओवायला घेतला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. मग म्हणाली, "काय बोलू? तुह्या घरात सारे पाहून राह्यले होते, मी कधी जातो म्हनून. दादा, वैनी, बाजारातल्या बाया. माहं बी तेच होतं, आता जाऊ का मंग जाऊ. मी जाऊ नये असं वाटनारं कोनी हाये, हे मले त्या दिवशी दिसलं. दारातून वापस गेली अन् शेंगा पाखडत बसली. लय रडली, पन चांगलं वाटलं."

मी डोळे पुसले. या वेळी मिरची नव्हती. आत्या म्हणाली, "आता तोंड पाडून नको बसू. लाव ते पहिल्यापासून."

मी गेम नव्याने सुरू केली. पहिला किल्ला माझ्या बोटांना अजून पाठ होता, पंधरा मिनिटांत पडला. मग ती खरी चित्रफीत सुरू झाली, राजवाडा, मुकुट, सगळं झळझळीत. मी आवाज बंद करायला बटण शोधत होते. आत्याने शिवायला काढलेलं ब्लाउजचं कापड उचललं, लॅपटॉपच्या स्क्रीनवर टाकलं आणि मशीनवर टेकून बसली.

"तं हा निघाला घरून," ती म्हणाली.